हब लॉक होत नसेल तर आधी ग्रीस बघा

दादा, तुमच्या जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपचा उजवा लॉकिंग हब (फोर-व्हील ड्राइव्हसाठी पुढचं चाक अ‍ॅक्सलला जोडणारा भाग) लॉक होत नाही आणि त्याच चाकातून घरघर येते म्हणालात. लगेच नवा हब घेऊ नका. आमच्या गंगाखेडकडच्या काळ्या मातीत दर पावसाळ्यात हे पाहतो. तापलेला हब ओढ्याच्या पाण्यात गार पडला की आतली हवा आकसते, आणि सील जरा जरी झिजलेलं असलं तरी पाणी आत ओढलं जातं. माझ्या हबचं झाकण उघडलं तेव्हा पाणी मिसळून ग्रीस पार दुधाळ झालं होतं.

चाकाचं बेअरिंग काढून डिझेलने धुवा, पण कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका. रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर कोन (रोलर असलेला आतला भाग) आणि कप (बाहेरची रिंग) दोन्ही बदला. तळहातावर ग्रीस घ्या, कोनची रुंद कड त्यात दाबत राहा. रोलरांमधून वरच्या बाजूने ग्रीसच्या अळ्या निघाल्या की भरलं समजा. सील मात्र नवंच.

बेअरिंग बसवल्यावर त्याचा आतला नट चाक फिरवत आवळा, मग ४५ ते ६० अंश मागे घ्या. त्यावर लॉक वॉशर (नट फिरू न देणारी चकती), मग बाहेरचा नट. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड नको आणि फिरताना जडही नको. साठ-सत्तर किलोमीटरनंतर पुन्हा तपासाच.

आणि कळकळीने सांगतो, लॉकिंग हबमध्ये बेअरिंगचं ग्रीस ठासू नका. एका मेकॅनिकने माझ्या हबात ते गच्च भरलं. थंडीत घट्ट झालं आणि आतली रिंग सरकेचना. तिथे बोटाने पातळ हात फिरवला तरी पुरतो.