कोलकात्याची ट्राम: मोडीत काढायची की नव्याने उभी करायची?

धागाकर्ता: रुळावरचा

सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या परिवहनमंत्र्यांनी जाहीर केलं की एस्प्लनेड ते मैदान एवढा टप्पा वारसा म्हणून ठेवायचा आणि बाकीची ट्राम बंद करायची. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात आहे. १९०२ पासून विजेवर धावणारी, आज भारतात उरलेली ही एकमेव ट्राम. माझं मत स्पष्ट आहे: तिचं आधुनिकीकरण करा, आणि सुरुवात नव्या डब्यांपासून नको, रस्त्यापासून करा.

ट्राम संथ आहे असं सगळे म्हणतात. ती संथ का झाली, हे कोणी विचारत नाही. दक्षिण कोलकात्यातल्या रासबिहारी अॅव्हेन्यूवर रुळांना स्वतःची राखीव पट्टी होती. नंतर ती उखडून रूळ काँक्रीटमध्ये गाडले आणि त्यावर मोटारी सोडल्या. आता पुढे एक रिक्षा उभी राहिली की मागे अख्खी ट्राम घंटा बडवत थांबते. बस निदान बाजूने निघून तरी जाते, ट्राम कुठे जाणार? स्वतःची वाट काढून घ्यायची आणि वर तिलाच मंद ठरवायचं, हा सरळसरळ अन्याय आहे.

जगात उलटं चाललंय. स्ट्रासबुर्गने १९६० मध्ये ट्राम बंद केली आणि १९९४ मध्ये नव्याने बांधली. मेलबर्नने तर ती कधी बंदच केली नाही, आज तिथे सुमारे २५० किलोमीटरचं जाळं आहे. आपल्याकडे रूळ आहेत, तारा आहेत, डेपो आहेत. आहे ते टाकून पुढच्या पिढीने पुन्हा कोट्यवधी ओतायचे का?

बालीगंजकर

असहमत. नोकरीनिमित्त बरीच वर्षं इथे राहतोय, म्हणून लिहितो. गरियाहाटला ट्राम पकडायची तर फुटपाथवरून उतरून धावत्या मोटारींच्या दोन रांगा ओलांडून रस्त्याच्या मधोमध जावं लागतं. ना फलाट, ना आडोसा. कंडक्टर दारातून हात बाहेर काढून मागच्या गाड्यांना थांबवतो, त्या थांबतातच असं नाही. सत्तरीच्या बाईंनी त्या उंच पायरीवर कसं चढायचं? पावसात दुचाकीचं चाक रुळावरून घसरतं ते वेगळंच.

सरकार म्हणतं, कोलकात्यात रस्त्यांखाली जेमतेम ६ टक्के जमीन आहे. उत्तरेत चितपूरचा रस्ता बघा, दुकानं थेट रस्त्याला भिडलेली. तिथे राखीव पट्टी काढणार कुठून? त्यात एक ट्राम बंद पडली की मागच्या सगळ्या अडकल्या. मेट्रो नदीखालून हावड्याला पोचली, विजेच्या बस आल्यात. पैसा तिकडे जाऊ दे.

रुळावरचा

@बालीगंजकर, दादा, तुम्ही सांगितलेली प्रत्येक अडचण खरी आहे. पण त्यातली कुठली ट्राम असल्यामुळे आहे? थांब्याला उंच फलाट बांधला नाही, खालच्या तळाचे डबे घेतले नाहीत, म्हणून त्या बाईंचे हाल होतात. मेलबर्नमध्ये हीच कामं टप्प्याटप्प्याने चालू आहेत. कोलकात्यात अजून ठिकठिकाणी माणूस लोखंडी सळईने सांधा, म्हणजे ट्रामला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड, बदलतो. हे विजेवर करणं म्हणजे काही अशक्य कोटीतलं काम नाही.

विजेच्या बसबद्दल: तिची बॅटरी काही वर्षांत बदलावी लागते, टायर झिजतात. ट्रामला बॅटरी नको, वीज थेट तारेतून येते, आणि नीट निगा राखली तर डबा कित्येक दशकं चालतो. चितपूरला पट्टी निघणार नाही, हे मान्य. पण म्हणून दक्षिणेतल्या रुंद रस्त्यांवरूनही ती काढायची?

गिरगावची_लेक

धागाकर्त्याशी पूर्ण सहमत. मुंबईने हे भोगलंय. आपल्याकडे १८७४ मध्ये घोड्यांची, १९०७ मध्ये विजेची ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची फेरी झाली. रस्ते मोकळे होतील म्हणून काढली. झाले का मोकळे? २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनपाशी खोदताना ते जुने रूळ सापडले, तेव्हा लोक फोटो काढायला गेले. गरीब माणसाचं वाहन होतं ते, ते आता फोटोत उरलं. एस्प्लनेड-मैदानच्या फेरीचंही तेच होणार: रविवारी मुलांना फिरवायला, सोमवारी कामावर जायला काही नाही.

आणि जमिनीचं कोणीच बोलत नाहीये. टॉलीगंज, बेलगाछियासारख्या डेपोंच्या मोक्याच्या जागांचे तुकडे विकासकांना भाडेपट्ट्याने गेले. डेपो आकसला की गाड्या घटतात, गाड्या घटल्या की प्रवासी तुटतात, मग प्रवासीच नाहीत म्हणून मार्ग बंद. मुंबईच्या बसडेपोंकडे बघताना मला हीच भीती वाटते.

बालीगंजकर

@गिरगावची_लेक, ताई, जमिनीबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण आठवणींवर शहर चालत नाही. माझ्या ऑफिसातली तरुण मुलं ट्रामने येत नाहीत, कारण पुढची कधी येईल ते कोणालाच सांगता येत नाही. अर्धा तास उभं राहायची चैन पगारदार माणसाला परवडत नाही. राखीव पट्टी करायची तर मोटारवाल्यांकडून रस्ता काढून घ्यावा लागेल. ती हिंमत कुठल्या सरकारात आहे ते दाखवा, मग मी ट्रामच्या बाजूने बोलेन.

रुळावरचा

हिंमतीचाच प्रश्न आहे, म्हणून सगळं जाळं एकदम मागत नाही. टॉलीगंज-बालीगंज घ्या. दोन्ही टोकांना मेट्रो किंवा लोकल, मधे रासबिहारीचा रुंद रस्ता. तिथे पट्टी परत द्या, थांब्यांवर फलाट बांधा, सिग्नलला ट्रामला आधी सोडा आणि गाड्या अशा वाढवा की वेळापत्रक बघावंच लागू नये. एक वर्ष चालवून प्रवासी मोजा. तुमच्या ऑफिसातली मुलं तेव्हाही आली नाहीत, तर उरलेल्या मार्गांवर बोलू. तोवर रुळांवर डांबर ओतणं मात्र थांबलं पाहिजे, कारण एकदा गाडलेला रूळ परत कोणी काढत नाही.