जुने गोळी-साचे जमवायचे आहेत, वर्षाला किती खर्च धरावा?

ओहायोवासी

नमस्कार मंडळी. बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या ओतायचे जुने अमेरिकन साचे जमवायला सुरुवात करतोय. गोळ्या ओतायच्या नाहीत, संग्रहच करायचा आहे. वर्षाला १००० डॉलर बाजूला ठेवता येतील. एवढ्यात काय बसतं? सुरुवात कोणत्या कंपनीपासून करावी? लिलावात ३५ डॉलरला दिसणारा साचा खरंच ३५ ला पडतो का? आणि पुढेमागे पुण्याला परत जायचं ठरलं तर संग्रह सोबत नेता येईल का?

साचेघर

३५ ला पडत नाही. ३५ डॉलरला बहुतेक वेळा नुसते ब्लॉक असतात, म्हणजे पोकळी कोरलेले लोखंडाचे दोन अर्धे. हँडल वेगळं घ्यावं लागतं, त्याचे सुमारे ५० धरा. त्यात टपाल आणि विक्रीकर आला की ९०-१०० वर जाता. म्हणून १००० मधले ६०० साच्यांना, १५० हँडलांना, १०० टपालाला आणि उरलेले चुकांना ठेवा. पहिल्या वर्षी चुका होतातच.

हँडल प्रत्येक साच्याला घेऊ नका. लायमन या साचे बनवणाऱ्या कंपनीच्या एका आणि दोन पोकळ्यांच्या ब्लॉकना वेगवेगळ्या मापाची हँडलं लागतात, चार पोकळ्यांच्याला आणखी वेगळी. एकेक जोडी घ्या आणि ब्लॉक बदलत राहा. मांडणीत नुसते ब्लॉक ठेवले तरी काही बिघडत नाही.

सुरुवात आयडियल-लायमनपासून करा. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये न्यू हेवन, कनेक्टिकट इथे आयडियल कंपनी काढली. १९१० मध्ये ती मार्लिनकडे गेली आणि १९२५ मध्ये लायमनने घेतली. कंपनीचं नाव साच्यावर ठोकलेलं असतं, त्यामुळे काळ ढोबळपणे लगेच लावता येतो. एका पोकळीचे साधे ब्लॉक आजही ३० ते ६० डॉलरला मिळतात, दोन पोकळ्यांचे ६० ते १२०. हेन्स्ले अँड गिब्जचे चार पोकळ्यांचे साचे १५० च्या पुढे जातात, आणि ४५ कॅलिबरच्या पिस्तुलाच्या गोळीच्या साच्याचा ६८ क्रमांक हवा असलेले लोक भरपूर. ते दुसऱ्या वर्षी बघा. ली कंपनीचे अ‍ॅल्युमिनियमचे साचे नवेच ३० डॉलरच्या आसपास येतात. ओतकामाला उत्तम, पण संग्रहात त्यांची किंमत वाढत नाही.

आता क्रमांक वाचायला शिका, कारण पैसे तिथेच वाचतात. ३५८४२९ या क्रमांकात पहिले तीन आकडे इंचाच्या हजारांशातला व्यास आणि शेवटचे तीन आराखड्याचा क्रमांक. म्हणजे ३११०४१ हा ४१ क्रमांकाचा, बराच जुना आराखडा. तोच क्रमांक असूनही किंमत बदलते. ४२९४२१ हा बंदुकांवर लिहिणारे अमेरिकन लेखक एल्मर कीथ यांचा आराखडा. सुरुवातीच्या साच्यांत वंगणाची खोबण, म्हणजे गोळीभोवती वंगण भरायची चर, चौकोनी, सपाट तळाची आहे, नंतरच्यांत ती गोलसर झाली. चौकोनीला गिऱ्हाईक जास्त दाम देतं, आणि विकणाऱ्याला बरेचदा हा फरक माहीतच नसतो. पोकळीचा जवळून काढलेला फोटो मागा, खोबणीचे कोपरे दिसले पाहिजेत.

टोकाला खड्डा असलेल्या गोळीचा साचा, उदाहरणार्थ ३५८४३९, तो खड्डा पाडणाऱ्या पिनेशिवाय घेऊ नका. ती पिन त्याच ब्लॉकला बसवलेली असते, दुसरी सहसा जुळत नाही. यंत्रकारागीराकडून करून घ्यायची तर साच्यापेक्षा मजुरी जास्त.

लोखंडपारखी

वरचं सगळं पटतं. मी तपासणीचं सांगतो, कारण साचा किमतीत कमी आणि दोषात जास्त फसवतो.

साचा हातात आला की बंद करून दिव्यासमोर धरा. दोन अर्ध्यांमधून केसाएवढी उजेडाची रेघ दिसली तर सहसा तीन कारणं असतात: तोंडावर चिकटलेलं शिसं, दोन अर्धे नेमके जुळवणारी पिन बाहेर आलेली, किंवा कडेला बसलेला हातोडीचा घाव. पहिली दोन सुधारतात, तिसरं नाही. ओतकाम करणारा झाकणपट्टी, म्हणजे ओतलेलं जास्तीचं शिसं कापणारी वरची फिरती पट्टी, लोखंडी हातोडीने उघडत असेल तर ब्लॉकची वरची कड फुगते. नख फिरवलं की ती कड लागते. मग दोन्ही अर्ध्यांवरचे जुळणीचे आकडे बघा. दोन मोडक्या साच्यांचा एक केलेला माल बाजारात बराच फिरतो.

झाकणपट्टी मूळची हवी. वाकलेली पट्टी सरळ होते, नवी लावलेली किंमत पाडते.

गंजाचं म्हणाल तर पोकळीबाहेरचा तांबूस गंज काही नाही. पातळ तेलात दोन दिवस ठेवा, मग चार शून्यांची (सर्वात बारीक) पोलादी लोकर तेलातच हलक्या हाताने फिरवा. पोकळीत मात्र फक्त लाकडी दातकोरणी. तारेचा फिरता ब्रश लावलात तर कोरीव कडा गोल होतात आणि ते भरून येत नाही. इव्हापो-रस्टसारखी गंज खाणारी द्रावणंही टाळा. मूळचा निळसर-काळा थर हाही लोखंडाचा ऑक्साइडच, गंजाबरोबर तोही निघतो. पोकळीत खड्डे पडलेले असतील तर तो साचा निम्म्या किमतीलाही महाग.

ठेवताना चामड्याच्या पिशवीत किंवा ओकच्या पेटीत नको, दोन्हींतल्या आम्लाने लोखंड गंजतं. व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या) कागदात गुंडाळून आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवा. लाकडी मुठींना तेल लावू नका, रेनेसाँ नावाच्या मेणाचा पातळ हात पुरे.

आणि जुन्या साच्यावर शिशाची भुकटी असतेच. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, स्वयंपाकघरात साफसफाई करू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका.

ओहायोवासी

खूप उपयोगी, धन्यवाद. एका साच्यावर क्रमांकच नाही. शिसं न ओतता माप कसं घ्यावं? आणि 'कोल्ट' म्हणून विकले जाणारे साचे घ्यावेत का?

लोखंडपारखी

नुसती ओळख पटवायची तर दंतवैद्य दातांचा ठसा घ्यायला वापरतात ते सिलिकॉन वापरा. पोकळीला तेलाचं बोट लावा, भरा, साचा दाबून बंद करा, घट्ट झाल्यावर उघडा. खोबणी किती, टोक कसं, सगळं दिसतं. पण ते मऊ असल्याने कॅलिपरखाली दबतं, हजारांशाच्या मापावर विश्वास ठेवू नका.

अचूक व्यासासाठी सेरोसेफ. हा बिस्मथचा मिश्रधातू साधारण ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यातही होतो. थंड होताना आधी आकसतो, मग फुगतो. सुमारे एका तासाने मोजलं तर माप पोकळीएवढं येतं, दुसऱ्या दिवशी मोजलंत तर जास्त येईल. त्यात शिसं आणि कॅडमियम आहे, भांडं वेगळं ठेवा.

कोल्टमध्ये घाई नको. कोल्टच्या जुन्या नेव्ही रिव्हॉल्व्हरच्या साच्यात दोन पोकळ्या असतात, एक गोल गोळीची आणि एक निमुळत्या गोळीची, आणि कापणाऱ्या पट्टीवर कोल्टचा पेटंटचा ठसा. गेल्या काही दशकांच्या इटालियन प्रतिकृती रंग उतरवून जुन्या म्हणून खपवल्या जातात. ठशाच्या अक्षरांच्या आतली झीज आणि भोवतालच्या लोखंडाची झीज सारखी आहे का ते भिंगाने बघा. भोवताली खरवडलेलं आणि अक्षरं करकरीत, तर सोडून द्या.

कायदेपान

पुण्याचं उत्तर राहिलंय. अमेरिकेत साचा विकत घ्यायला बंदुकीसारखी परवाना-प्रक्रिया नाही, म्हणून लोक गाफील राहतात. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मधल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. साचा त्यात मोजला जाण्याचा धोका उघड आहे, आणि अशा वस्तूच्या आयातीला परवाना लागतो. तेव्हा सामानात टाकून नेऊ नका. परतायचं नक्की झालं की आधी वकिलाचा लेखी सल्ला घ्या, अमेरिकेच्या निर्यात-नियमांसह. नाहीतर संग्रह इथेच विका.

उलट दिशेलाही तेच. भारतातल्या जुन्या बाजारातून शंभर वर्षांहून जुना साचा घेऊन अमेरिकेत आणायचा विचार असेल, तर पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ प्रमाणे पुरावस्तूची खासगी निर्यात बंद आहे.

साचेघर

टपालाचं एक राहिलं. यूएसपीएसच्या (अमेरिकी टपाल खात्याच्या) ठरावीक दराच्या डब्यात देशांतर्गत ७० पौंडांपर्यंत वजन चालतं, म्हणून एकाच विक्रेत्याकडून तीन-चार ब्लॉक एकदम घ्या. प्रत्येक ब्लॉक वेगळा गुंडाळायला सांगा. सुटे ठेवले की वाटेत एकमेकांवर आपटतात, पुठ्ठा फाडून बाहेर येतात, आणि नेमकी ती वरची कडच जाते. शक्य असेल तर ओक्लाहोमातल्या तुलसाच्या शस्त्र प्रदर्शनाला एक फेरी मारा, वर्षातून दोनदा भरतं. साचा हातात घेऊन दिव्यासमोर धरता येतो आणि टपालाचे पैसे वाचतात.