योएल २:२३ मधला 'आगोटीचा व वळवाचा पाऊस': क्रम उलटा का वाटतो, आणि हे अभिवचन आज कसं शिकवावं?

वानवडीची_वाचक

सर्वांना जय ख्रिस्त.

हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या आधीच्या रविवारी आमच्या घरगुती अभ्यासगटात योएलचा दुसरा अध्याय घ्यायचा आहे. टोळधाडीनंतर देव यहूदाच्या लोकांना पुन्हा पाऊस देण्याचं अभिवचन देतो, तो. पंधरा-सोळा जण असतात. बहुतेक पुण्यातच वाढलेले, दोन-तीन कुटुंबं दौंड-बारामतीकडच्या शेतकरी घरांतली. वेळ पाऊण तास. तीन ठिकाणी अडलंय.

एक, २:२३ मध्ये आधी आगोटीचा पाऊस येतो आणि मग वळवाचा. आपल्याकडे वळीव चैत्र-वैशाखात पडतो, आगोट मृगाच्या तोंडावर. म्हणजे वळीव आधी. शेतकरी घरातली माणसं हे विचारणारच.

दोन, 'पहिल्या महिन्यात' म्हणजे नेमका कुठला महिना?

तीन, आणि हेच मुख्य. हे आशीर्वाद यहूदाच्या लोकांना दिलेले आहेत. ते आपल्याला जसेच्या तसे लावायचे का? मलाखी ३:१० जोडून 'दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) द्या म्हणजे भरभराट होईल' असं शिकवलेलं ऐकायला मिळतं. ते पटत नाही, पण त्या जागी काय ठेवायचं तेही नीट सुचत नाही.

हिब्रू_वाचन

जय ख्रिस्त ताई. शास्त्रातला क्रम बरोबर आहे. आपल्याला तो उलटा वाटतो, कारण शब्द इथल्या पावसाचे आहेत आणि पाऊस तिकडचा.

मूळ हिब्रूत या दोन पावसांची नावं योरे आणि मल्कोश. योरे हा पावसाळ्याचा पहिला पाऊस, ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबर. मल्कोश हा शेवटचा, मार्च-एप्रिलचा. मल्कोश हा शब्द 'उशिरा' अशा अर्थाच्या धातूचा आहे. आमोस ७:१ मधलं उशिराचं गवत त्याच कुळातलं. या दोन्हींच्या मध्ये डिसेंबर ते फेब्रुवारी मुख्य पाऊस. जून ते सप्टेंबर तिथे पाऊस जवळजवळ शून्य. थोडक्यात, आपला पावसाळा तो त्यांचा कोरडा काळ. एकूण पावसात मात्र फार तफावत नाही. यरुशलेमला वर्षाला सुमारे ५५० मिलीमीटर, पुण्याला सुमारे ७२०. खरा फरक वेळेचा आहे.

भाषांतरकारांनी 'आगोट' हा सुरुवातीचा शब्द म्हणून घेतला आणि तो चपखल आहे. 'वळीव' घेतल्यामुळे महिना साधारण जुळतो, पण पावसाचं काम जुळत नाही. आपला वळीव रिकाम्या, तापलेल्या रानावर पडतो. मल्कोश उभ्या पिकावर पडतो.

गटात हे समजावायला एक कागद पुरे. त्यावर दोन वर्तुळं काढा, प्रत्येकाचे बारा भाग करा. एकात पुणे, दुसऱ्यात यहूदा. यहूदाच्या वर्तुळात भरायचं ते असं: ऑक्टोबर-नोव्हेंबर योरे, नांगरट आणि जव-गव्हाची पेरणी, त्याच सुमारास जैतुनाची तोडणी, मार्च-एप्रिल मल्कोश, एप्रिल जवाची कापणी (वल्हांडण सणाच्या आसपास), मे-जून गव्हाची कापणी (पेन्टेकॉस्ट सणाच्या आसपास), ऑगस्ट-सप्टेंबर द्राक्षं. हे अंदाजाने सांगत नाही. १९०८ साली गेझेर इथे चुनखडीची एक छोटी पाटी सापडली, साधारण इ.स.पू. दहाव्या शतकातली. तिच्यावर वर्षाचे महिने शेतीच्या कामांनी मोजलेले आहेत: दोन महिने गोळा करण्याचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवाच्या कापणीचा, असे.

हे वर्तुळ समोर असलं की आमोस ९:१३ आपोआप उलगडतं. नांगरणारा कापणाऱ्याला गाठेल, म्हणजे मेमधली कापणी इतकी लांबेल की ऑक्टोबरचा नांगर दारात येऊन उभा राहील. लेवीय २६:५ मध्ये हेच जास्त सुटं करून सांगितलंय: मळणी द्राक्षांच्या तोडणीपर्यंत चालेल, तोडणी पेरणीपर्यंत. वर्तुळाविना ही वचनं नुसती अलंकारिक वाटतात.

आता 'पहिला महिना'. हिब्रूत तिथे 'बारिशोन' एवढंच आहे, 'पहिल्यात'. महिना हा शब्द नाही. दोन अर्थ निघतात. पहिला महिना धरला तर तो निसान, म्हणजे मार्च-एप्रिल, आणि मल्कोशशी तो जुळतो. दुसरा अर्थ 'पूर्वीसारखा'. टोळधाडीनंतर सगळं पूर्ववत होण्याचा संदर्भ आहे, म्हणून तोही बसतो. गटात दोन्ही सांगा, एकावर अडून बसू नका.

याच वचनात आणखी एक अवघड शब्द आहे, 'मोरे'. पहिल्या पावसासाठी नेहमीचा शब्द योरे, पण योएलात इथे मोरे आहे. मोरेचा नेहमीचा अर्थ शिक्षक. त्यामुळे 'हामोरे लित्स्दाका' याचा अर्थ काहींनी 'नीतिमत्त्वाचा शिक्षक' असा घेतला. पुढच्याच ओळीत हाच शब्द मल्कोशच्या जोडीला येतो, म्हणून इथे पाऊसच अभिप्रेत आहे असं माझं मत. 'लित्स्दाका'मधला 'त्सेदाका' म्हणजे देव कराराप्रमाणे वागतो ते. पाऊस आला याचा अर्थ त्याने शब्द पाळला.

रब्बी_पट्टा

शेतकरी कुटुंबांसाठी एक दुरुस्ती सुचवतो. 'तिकडचा पावसाळा उलटा' एवढ्यावर थांबू नका. 'त्यांचं मुख्य पीक रब्बी' असं सांगा, त्यांना लगेच कळेल.

दौंड, बारामती, इंदापूरकडे शाळू हस्ताच्या आणि परतीच्या पावसावर पेरतात. पाऊस होतो, रानाला वाफसा येतो, मग पाभर (पेरणीचं अवजार) चालते. योरेचं काम हेच. चार-पाच महिने उन्हाने तडकलेल्या जमिनीत लाकडी नांगर शिरतच नाही. योरे लांबला तर पेरणीच लांबते. योरे एकदा पडून मोठा खंड पडला तर बी उगवून करपतं, आणि दुबार पेरणीला घरातलं खायचं धान्य बी म्हणून काढावं लागतं.

मल्कोश येतो तेव्हा पीक पोटरीतून बाहेर पडून दाणा भरत असतं. तो चुकला तर ताटं उभी दिसतात, पण कणसात दाणा बारीक, सुरकुतलेला. आमोस ४:७ मध्ये देव म्हणतो, कापणीला तीन महिने असताना मी पाऊस आवरला. 'तीन महिने' हा आकडा सहज आलेला नाही. बी, मजुरी, निंदणी असा सगळा खर्च होऊन गेलेला असतो आणि पीक हातचं जातं ते याच टप्प्यावर.

एका ठिकाणी मात्र आपली माणसं नक्की अडखळतील. जखऱ्या १०:१ म्हणतो, वळवाच्या वेळी परमेश्वराकडे पाऊस मागा. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे गहू-हरभरा कापणीला आलेला, काढलेला कांदा रानात, द्राक्षं घडावर. तेव्हा पाऊस म्हणजे अवकाळी. तो कोण मागेल? म्हणून आधी वर्तुळ दाखवा, जखऱ्या नंतर वाचा. त्याच्या जोडीला १ शमुवेल १२:१७ घ्या. गव्हाच्या कापणीत गडगडाट आणि पाऊस, आणि तो लोकांना धाक बसावा म्हणून. मल्कोशनंतर जेमतेम महिना-दीड महिना उलटलेला, पाणी तेच, पण आता ते शिक्षा आहे. यहेज्केल ३४:२६ मध्ये 'आशीर्वादाच्या सरी' म्हणण्याआधी 'योग्य काळी' म्हटलंय, ते याचसाठी.

टोळांबद्दलही. योएल १:४ मध्ये टोळांना चार शब्द आहेत: गाझाम, अर्बे, येलेक, हासिल. २:२५ मध्ये तेच चार वेगळ्या क्रमाने येतात. या चार जाती की वाढीच्या चार अवस्था यावर वेळ घालवू नका. महत्त्वाचा शब्द 'वर्षं', आणि तो अनेकवचनी आहे. धाड काही दिवसांची, मग नुकसान वर्षांचं कसं? १:७ पाहा: अंजिराची साल सोललेली, फांद्या पांढऱ्या पडलेल्या. धान्य पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतं. झाड मेलं तर नवं लावायचं, आणि लेवीय १९:२३-२५ प्रमाणे पहिली तीन वर्षं फळ खायचं नाही, चौथ्या वर्षीचं परमेश्वराला, पाचव्या वर्षी घरात. 'टोळांनी खाल्लेली वर्षं भरून देईन' या वाक्याचं वजन त्या पाच वर्षांत आहे. मे २०२० मध्ये अमरावती-नागपूरकडे टोळधाड आली होती, ती सगळ्यांना आठवत असेल. एक चौरस किलोमीटरची धाड दिवसाला ३५ हजार माणसांइतकं अन्न खाते, असं एफएओचं (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचं) गणित आहे.

करार_आणि_संदेष्टे

ताई, तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

संदेष्टे पावसाचा आशीर्वाद नव्याने काढत नाहीत. तो अनुवाद ११:१०-१७ मधून येतो. मिसर देशात पाणी पाटाने देता येत होतं. वचनदत्त देश डोंगरदऱ्यांचा, आकाशाकडे तोंड करून बसलेला. तिथे राहायचं म्हणजे दरवर्षी देवावर अवलंबून राहायचं. योरे आणि मल्कोश ही जोडी तिथे, चौदाव्या वचनात आहे. आकाश बंद होण्याची ताकीद सतराव्यात. त्यामुळे योएल २ एकटा वाचू नका. 'अनुवादात काय ठरलं, योएल १ मध्ये काय बिघडलं, योएल २ मध्ये देवाने काय केलं' असा वाचा.

बिघाडापासून आशीर्वादापर्यंतची वाट १२ ते १८ या वचनांत आहे आणि ती घाईने ओलांडली जाते. उपास, रडणं, वस्त्रं नव्हे तर हृदय फाडणं. मग चौदावं वचन: देव कदाचित मागे आशीर्वाद ठेवील, अन्नार्पण आणि पेयार्पण. १:९ मध्ये अर्पणं बंद पडली होती, कारण घरात धान्यच नव्हतं. म्हणजे आशीर्वादाचा पहिला उपयोग उपासना पुन्हा सुरू होण्यासाठी. हार्वेस्ट फेस्टिव्हलला भाजी, धान्य, फळं वेदीपाशी ठेवतो, तेव्हा हे वचन मोठ्याने वाचावं असं मला मनापासून वाटतं. अठराव्या वचनात देवाला आपल्या देशाबद्दल आवेश येतो, लोकांची दया येते. संपूर्ण पुस्तक तिथे वळतं.

पुढे २१ ते २३ मध्ये तो कोणाशी कोणत्या क्रमाने बोलतो ते पाहा. आधी भूमीला: भिऊ नको. मग रानातल्या जनावरांना: भिऊ नका. आणि मग सियोनच्या लेकरांना: आनंद करा. १:२० मध्ये जनावरं पाण्यासाठी धापा टाकत होती, ती तो विसरलेला नाही. माणसाला पाऊस मिळतो तो माती आणि गुरं सावरल्यावर. देवाची काळजी कशी असते हे सांगायला याहून जवळचं चित्र मला माहीत नाही. इथे दहा मिनिटं द्या.

मलाखी ३:१० बद्दल तीन गोष्टी. तिथे बोलणं सगळ्या राष्ट्राशी आहे, एकेका दात्याच्या खात्याशी नाही. 'कोठार' हे मंदिरातलं. त्यातून लेव्यांचं, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्यांचं, पोट भरायचं. ते रिकामं पडलं की काय होई ते नहेम्या १३:१०-१२ मध्ये आहे: लेवी सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले होते. आणि ३:५ सोडून ३:१० वाचता येत नाही. मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा-पोरक्यांना नाडणारे, परक्याचा हक्क मारणारे यांच्याविरुद्ध देव साक्षीदार म्हणून उभा आहे. मजुरी बुडवून दिलेल्या दशांशावर आकाशाची दारं उघडत नाहीत.

मग आपल्याला काय लागू? प्रेषित १४:१७. लुस्त्र इथे पौल यहूदी नसलेल्या लोकांना सांगतो की आकाशातून पाऊस आणि फलदायी ऋतू देऊन देवाने स्वतःची साक्ष ठेवली. पुण्यातल्या पावसासाठी उपकार मानायला ही भक्कम जागा आहे. योएलचं अभिवचन मात्र प्रेषित २ मधून आपल्यापर्यंत येतं. २:२३ मध्ये पाऊस, २:२८ मध्ये आत्मा 'ओतीन'. पेत्र ते पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे गव्हाच्या कापणीच्या सणाला उद्धृत करतो, आणि प्रेषित २:३९ मध्ये म्हणतो की हे अभिवचन तुम्हांला, तुमच्या मुलाबाळांना आणि दूर असलेल्या सर्वांना आहे. ज्यांचं पीक खरंच गेलंय अशी घरं गटात असतील तर हबक्कूक ३:१७-१८ राखून ठेवा. त्यात अंजीर, द्राक्ष, जैतून, शेत, मेंढरं सगळं गेलंय आणि तरी संदेष्टा देवाच्या ठायी हर्ष करतो.

वानवडीची_वाचक

तिघांचेही मनापासून आभार. वर्तुळं आजच काढते. एक उपप्रश्न: काही मंडळ्यांत 'आगोटीचा पाऊस म्हणजे प्रेषित २, वळवाचा पाऊस म्हणजे शेवटच्या दिवसांतलं संजीवन (आध्यात्मिक जागृती)' असं शिकवतात, आणि केडगावच्या मुक्ती मिशनचं उदाहरण देतात. हे योएलाच्या मजकुरात आहे का?

हिब्रू_वाचन

मजकुरात नाही. तिथे दोन्ही पाऊस एकाच वर्षातले, एकाच पिकासाठीचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेन्टेकॉस्टल चळवळीत ही मांडणी पसरली. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये झालेलं संजीवन त्याच काळातलं, म्हणून दोन्ही जोडली जातात. केडगावला जे घडलं त्याबद्दल देवाची स्तुती करावीच. पण ते २:२८ खाली ठेवा, २:२३ खाली नको.

पाऊण तासाची वाटणी मी अशी करेन: वर्तुळं दहा मिनिटं, अनुवाद ११ पाच, योएल २:१२-२७ वीस, प्रेषित २ दहा. हाग्गय घुसवायचा मोह होईल (२:१६ मध्ये वीस मापांच्या राशीत दहाच भरतात, द्राक्षकुंडात पन्नासाच्या जागी वीस), पण त्याला स्वतंत्र रविवार द्या.

आणि गटात कोणी हिब्रू किंवा काही कॅथलिक आवृत्ती उघडून बसणार असेल तर आधीच सांगून ठेवा: आपलं २:२८-३२ तिथे ३:१-५ आहे, आणि आपला तिसरा अध्याय तिथे चौथा. नाहीतर वाचताना निम्मे जण भलत्याच पानावर असतात.