नाच, गाणी, घरातल्या वस्तू यातून डिझाइन सुचतं म्हणजे नक्की काय होतं?

रेघोट्या:
मी कापडावरच्या प्रिंट्सचं काम करते, फ्रीलान्स. हल्ली असं होतंय की काम आलं की आधी मोबाइलवर रेफरन्स बघत बसते आणि मग कागदावर जे उतरतं ते त्या रेफरन्सचं मावसभावंड असतं. सगळे म्हणतात स्क्रीन बाजूला ठेव, हालचाली बघ, गाणी ऐक, आजूबाजूच्या वस्तू बघ. अहो बघते की! पण बघून पुढे काय? नाच बघितला की नाचणारी बाई काढते, गाणं ऐकलं की सूर म्हणून लाटा काढते, किटली बघितली की किटलीच. ज्यांना जमतं त्यांनी प्लीज सांगा हात नेमका कुठून सुरू करता. ‘मन मोकळं ठेवा’ टाइप उत्तरं नकोत, ती खूप ऐकून झालीयेत.

चालता_कागद:
नाचणारी बाई येते कारण तुम्ही शरीर बघताय, हालचाल नाही. मारे नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ होता, त्याने 1882 मध्ये बंदुकीसारखा कॅमेरा बनवला, सेकंदाला 12 फोटो काढणारा, पण आपल्या कामाचं ते नाही, त्याने नंतर जे केलं ते. माणसाला पूर्ण काळे कपडे घालायचे, हातापायांवर फक्त पांढऱ्या पट्ट्या, आणि काळ्या पार्श्वभूमीपुढून चालवत एकाच प्लेटवर फोटो घेत जायचे. माणूस गायब! उरतात नुसत्या रेघांच्या मागे रेघा. ते फोटो बघा एकदा, थेट प्रिंटच वाटतात.

घरी करायचं तर कुठलाही व्हिडिओ म्यूट करा, एकच सांधा पकडा, कोपर म्हणा किंवा घोटा, स्क्रीनवर ट्रेसिंग पेपर लावा आणि व्हिडिओ थोडा थोडा पुढे नेत दर वेळी एक टिंब द्या, मात्र दर वेळी सारख्याच वेळाने पुढे न्यायचा. हालचाल संथ असेल तिथे टिंबांची दाटी होते, झटका असेल तिथे ती लांब लांब पडतात. ती अंतरं म्हणजेच तुमचं डिझाइन, मग टिंबाच्या जागी पान ठेवा, त्रिकोण ठेवा, काहीही.

बेसूर:
वरच्यांशी सहमत. गाण्याचं पण तेच, लाटा काढू नका हो, लाटा म्हणजे गाण्याचं बोधचिन्ह झालं.

माँद्रिआन या डच चित्रकाराचं उदाहरण घ्या. हा माणूस वीसेक वर्षं काळ्या रेघांच्या चौकटी काढत आला, नाचाचा भयंकर शौकीन, 1940 मध्ये न्यूयॉर्कला पोचला आणि तिथे बूगी-वूगी हे ठेकेदार पियानो-संगीत ऐकून वेडा झाला. मग 1942-43 मध्ये जे चित्र केलं त्यात काळ्या रेघा नाहीतच, पिवळ्या पट्ट्या आणि त्यावर लाल-निळे-राखाडी छोटे चौकोन, ठेक्यासारखे तुटक तुटक. एकही वाद्य काढलेलं नाही त्यात. म्हणजे गाण्याचं चित्र नाही काढायचं, त्यातला हिशोब उचलायचा.

तुमच्यासाठी सोपा हिशोब: तीन आकार घ्या, चार रंग घ्या, दोघांना आपापल्या क्रमाने फिरू द्या. आकार दर तीन घरांनी परत येतो, रंग दर चार घरांनी, आणि दोघं एकत्र समेवर येतात ते थेट तेराव्या घरात. तेवढ्या वेळात डोळ्याला रिपीट चटकन सापडत नाही, आणि सामान मात्र मोजकंच.

झेनाकिस या संगीतकारावर लिहायला लागलो तर थांबणार नाही, एवढंच सांगतो की त्याने सरकत जाणारे सूर ग्राफ पेपरवर सरळ रेघांनी मांडले आणि पुढे वास्तुकार ल कॉर्ब्युझिएच्या ऑफिसात असताना 1958 च्या ब्रसेल्स प्रदर्शनातल्या फिलिप्स पॅव्हिलियनचे (फिलिप्स कंपनीच्या दालनाचे) वळलेले पृष्ठभाग पण सरळ रेघांतूनच उभे केले.

खुर्चीमोड:
ग्राफ पेपर वगैरे ठीक आहे पण ताईंना उशीच्या अभ्र्याचं प्रिंट करायचं असेल तर एवढी थिअरी कशाला 😄 मला वस्तूच बऱ्या वाटतात, त्या हलत नाहीत.

ब्रॉयर या फर्निचर डिझायनरला 1925 च्या सुमाराला सायकलच्या हँडलवरून स्टीलच्या नळीची खुर्ची सुचली. पण खुर्ची हँडलसारखी दिसते का? अजिबात नाही. नळी वाकते आणि वजन पेलते एवढंच घेतलं त्याने. कास्तिलिओनी या इटालियन डिझायनर भावांनी 1957 मध्ये उलट केलं, ट्रॅक्टरची सीट जशीच्या तशी उचलून स्टूल बनवलं, तेही भन्नाटच. त्यामुळे ‘वस्तू जशीच्या तशी घेऊ नका’ असा काही नियम नाही, पण जशीच्या तशी घेतली तर जागा तरी बदला.

किटली काढायची तर अख्खी नका काढू. ती कुठे झिजलीय, कुठे जोडलीय, झाकण नक्की कुठे टेकतं हे बघा. झिप उघडताना दात एकमेकांतून सुटतात तो तुकडाच नुसता मोठा करून काढा. वाट्या एकात एक ठेवल्यावर वरून जी वर्तुळं दिसतात ती कधीच एकाच केंद्रावर बसत नाहीत, जरा सरकलेली असतात, आणि सगळी मजा त्या सरकण्यात आहे. कंपासने काढलीत की मेलं.

रेघोट्या:
टिंबांचं लगेच करून बघितलं! झाडू मारणाऱ्या माणसाचा व्हिडिओ घेतला, मनगट पकडलं, फटक्याच्या दोन्ही टोकांना टिंबांचे झुबके आले आणि मधे मोकळं, हे माझ्या डोक्यातून कधीच आलं नसतं. आता अडचण वेगळीच, शेजारी शेजारी तुकडे लावले की कडेला सांधा दिसतो, झुबका अर्धा कापला जातोय.

चालता_कागद:
कडेला काही काढूच नका आधी. चौकोनी कागदाच्या मधोमध काढा, मग उभा कापून दोन भागांची अदलाबदल करा, बाहेरच्या कडा आता मधे आल्या, मागून टेप लावा. मग आडवा कापून तसंच. मधे जी रिकामी जागा तयार होईल तिथे उरलेली टिंबं भरा, पण कडांना हात न लावता. आणि झुबके आडव्या ओळीत फार दिसायला लागले तर हाफ-ड्रॉप करा, म्हणजे शेजारची रांग अर्ध्या तुकड्याने खाली. फक्त प्रिंटरला फाइल देताना ते हाफ-ड्रॉप आहे हे लिहून द्या, नाहीतर तो सरळच लावेल.