गळ्यावर जाऊ नका, कुशीकडे बघा

सुमामावशी: तुमची जेवणं झाली असतील, इथे कॅलिफोर्नियात आत्ता सकाळ आहे. काल परसातल्या साल्वियाच्या फुलांवर दोन हमिंगबर्डची जुंपली होती. ग्रुपवर चार फोटो टाकलेत. सांगा बघू, किती जाती आहेत?

नाना: आपल्या जास्वंदीवर येतो तोच ना हा?

सुमामावशी: नाही हो नाना, तो शिंजीर. हमिंगबर्ड फक्त दोन्ही अमेरिकांत. शिंजीर बहुतेक वेळा देठाला धरून मध पितो, हा फुलासमोर हवेत थांबतो आणि तसाच मागेही उडतो. याचं जवळचं नातं शिंजिराशी नाही, पाकोळ्यांशी आहे.

ऋचा: मावशी, पहिल्याचा गळा काळा, दुसऱ्याचा गुलाबी, तिसऱ्याचा नारिंगी. तीन जाती!

सुमामावशी: पहिला आणि दुसरा एकच पक्षी आहे गं. एका मिनिटाच्या आत काढलेत दोन्ही. तो गुलाबी रंग पिसाच्या बारीक रचनेमुळे दिसतो. उन्हाचा कोन जमला की गळा पेटतो, मान वळवली की काळा ठिक्कर. आईची धूपछाव साडी आठव. म्हणून गळ्यावरून निकाल द्यायचा नाही.

शिरीषकाका: मग कशावरून द्यायचा?

सुमामावशी: तांबूस रंगावरून. पहिले दोन फोटो अ‍ॅनाज नावाच्या जातीच्या नराचे. पाठ हिरवी, पोट करडं, अंगावर तांबूस काही नाही. ऊन पडलं की त्याचा गुलाबी रंग गळ्यापुरता राहत नाही, डोक्यावरही चढतो. तिसरा अ‍ॅलन्स या दुसऱ्या जातीचा नर. पाठ हिरवीच, पण कुशी आणि शेपूट विटकरी, डोकं हिरवं, गळा तापलेल्या तांब्यासारखा. अ‍ॅलन्स चणीनेही लहान, रुपयाच्या नाण्याहून हलका. तरी भांडणात तोच पुढे होता!

महिनाही बघायचा. आमच्या सांताक्रूझला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या, अ‍ॅनाज बारमाही. डिसेंबरपासूनच घरटी सुरू. अ‍ॅलन्स हिवाळा मेक्सिकोत काढून जानेवारीअखेर येऊ लागतो आणि उन्हाळ्यात परततो. लॉस एंजेलिसकडे मात्र बारमाही राहणारे अ‍ॅलन्सही आहेत, तिथे हा हिशेब चालत नाही.

ऋचा: आवाज वेगळा असतो का?

सुमामावशी: असतो! अ‍ॅनाजचा नर फांदीवर बसून खरखरीत आवाजात गातो. मादीसमोर तीसेक मीटर वर चढतो, सरळ खाली झेपावतो आणि तळाशी ‘चीक’ असा मोठा आवाज येतो. तो चोचीतून येत नाही, शेपटीच्या पिसांतून येतो. अ‍ॅलन्स आधी लंबकासारखा इकडून तिकडे झुलतो. त्याच्या पंखांची किणकिण तर मला ओट्याशी उभं राहूनही कळते.

शिरीषकाका: मी शोधलं, तर नारिंगी गळ्याचा रूफस म्हणूनही एक दाखवतात.

सुमामावशी: दादा, तिथेच खरी कसोटी आहे. रूफस या दिवसांत अलास्कापर्यंत जायला निघालेला असतो, वाटेत इथे थांबतो. त्याच्या नराची पाठही तांबूस असते, पण काही नरांची हिरवी निघते. मग शेपूट पसरलेली असतानाचा फोटो हवा. रूफसच्या मधल्या पिसाशेजारच्या पिसाला टोकाशी खाच असते, अ‍ॅलन्सचं कडेचं पीस अगदी अरुंद. माद्या आणि पिल्लं तर फारच सारखी. असा फोटो नसेल तर मी वहीत ‘अ‍ॅलन्स किंवा रूफस’ एवढंच लिहिते. उगाच नाव ठोकून द्यायला मन धजत नाही.

आजी: घरटं दिसलं का गं?

सुमामावशी: हो आई, अ‍ॅनाजचं. लिंबाएवढं, कोळ्याच्या जाळ्याने विणलेलं, बाहेरून दगडफूल चिकटवलेलं. आत भिजवलेल्या काबुली चण्याएवढी दोन अंडी. जाळ्याच्या धाग्यांमुळे पिल्लं वाढतील तसं घरटं ताणलं जातं. रोज लांबूनच बघते, जवळ जात नाही.

नाना: साखरपाणी ठेवतेस का? लाल रंग घालतात म्हणे.

सुमामावशी: एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. रंग नाही, मधही नाही. दोन दिवसांनी भांडं घासून नवीन भरते.

ऋचा: चौथा फोटो परत बघितला. गळ्यावर नुसते ठिपके, म्हणजे मादी. कुशीवर तांबूस छटा आहे. अ‍ॅनाज नाही!

सुमामावशी: शाब्बास! आणि शेपूट?

ऋचा: मिटलेली आहे.

सुमामावशी: मग लिहितेय वहीत, ‘अ‍ॅलन्स किंवा रूफस, मादी’. उद्या उन्हं आली की कॅमेरा घेऊन साल्वियापाशी बसते. शेपूट पसरलेली मिळाली तर लगेच टाकते इथे.