आजीच्या पवित्र शास्त्रातील पेन्सिलीच्या खुणा (अनुभव धागा)

लिंबाचा पार
गेल्या आठवड्यात नगरचे आमचे जुने घर रिकामे करताना आजीचे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हाती आले. पुठ्ठा सुटलेला होता आणि पाठीला कापडाची पट्टी डकवलेली होती. चाळताना मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायापाशी समासात पेन्सिलीचे लहानसे प्रश्नचिन्ह दिसले, त्याखाली ‘प्रे. कृ. 1’ (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 1) अशी नोंद होती. तिकडची पाने उलटली, तर तेथेही तेच चिन्ह होते. मत्तय सांगतो की येशूला पकडून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताने त्याबद्दल मिळालेली रुप्याची तीस नाणी मंदिरात फेकली, जाऊन गळफास घेतला आणि त्या पैशांतून याजकांनी कुंभाराचे शेत विकत घेतले. प्रेषितांच्या कृत्यांत मात्र शेत त्याने स्वतःच घेतले आणि तेथे तो पालथा पडून त्याचे पोट फुटले.

चौदाव्या वर्षी दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धेची जाहीर कबुली देण्याच्या विधीच्या) वर्गात नेमका हाच प्रश्न मी विचारला होता. शिकवणाऱ्यांनी पुस्तक मिटले, शंका ही सैतानाची पेरणी असते असे सांगितले आणि सगळ्या मुलांना माझ्यासाठी प्रार्थना करायला लावली. त्या संध्याकाळी आजीने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि काही न बोलता ताटात भाकरी वाढली. तिने माझ्या कितीतरी वर्षे आधी तो प्रश्न स्वतःला विचारला होता, हे मला आता कळले.

ज्यांची श्रद्धा सुटली त्यांनी आणि ज्यांची टिकली त्यांनीही लिहावे. तुमचा पहिला प्रश्न कोणता होता, आणि तो विचारल्यावर काय झाले?

केळीचे बन
माझा प्रश्न वांद्र्याच्या मोत माउलीच्या, म्हणजे मरिया मातेच्या, जत्रेतला आहे. माझ्या धाकट्या भावाचा डावा पाय पोलिओने गेला होता. आई दर सप्टेंबरला वसईहून आम्हा दोघांना घेऊन जाई आणि मेणाचा पाय विकत घेऊन माउलीला वाही. तेथे मेणाचे हात, पाय, बाळे, घरे, सगळे मिळते. एका वर्षी पायऱ्या चढून अर्ध्यावर आल्यावर आईच्या लक्षात आले की हातातला पाय उजवा आहे, कारण अंगठा भलत्या बाजूला होता. ती घाबरली, आम्हाला कठड्यापाशी उभे करून गर्दीतून उलटी खाली गेली आणि पाय बदलून आणला. उन्हाने मऊ झालेल्या त्या मेणावर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते. ज्याने पाय घडवला, त्याला तो डावा की उजवा हे सांगावे लागते का, असे मी विचारले. आईला राग आला नाही, ती रडली. त्यानंतर मी तिच्यासमोर हा विषय कधी काढला नाही आणि मिस्सालाही (चर्चमधल्या उपासनेलाही) तिच्यासाठीच जात राहिले.

उंबरठा
केळीचे बन, तुमच्या आईंचा तो जिना उतरणे डोळ्यांसमोरून हलत नाही.

मार्च 2012 मध्ये विलेपार्ल्यातील एका क्रूसाच्या पायाशी पाणी ठिबकू लागले, तेव्हा आमच्या घरीही ते तीर्थ म्हणून छोट्या बाटलीत आले होते. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जागा पाहून सांगितले की जवळचे गटार तुंबले आहे आणि ते पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत आहे. दिव्यातल्या वातीला तेल चढते, तोच हा प्रकार. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या कलम 295-अ खाली तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. मी तेव्हा नियमित चर्चला जाणारा होतो. गटाराचे पाणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाजण्यापासून ज्याने आपल्याला वाचवले, त्याचे आभार मानायचे सोडून आपण त्याला पोलिसांच्या दारी नेतो, हे मला सहन झाले नाही. माझी श्रद्धा त्या पाण्यामुळे गेली नाही, त्या तक्रारींमुळे गेली.

सायली
मूळ लेखकांना विचारायचे होते की आजींची प्रत कोणत्या वर्षाची आहे. माझ्या आईकडेही पाठीला पट्टी लावलेली तशीच प्रत होती आणि ती आम्ही तिच्यासोबत शवपेटीत ठेवली. आता वाटते की आधी उघडून पाहायला हवी होती.

मांजरा काठ
30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होते आणि दमलेली माणसे दगडमातीच्या जड घरांत झोपली होती. सुमारे 10 हजार माणसे गेली. मी मंडळीच्या तरुणांबरोबर मदतीला गेलो होतो. परतल्यावर पहिल्याच रविवारी उपदेशात ऐकले की हा मूर्तिपूजेला मिळालेला इशारा आहे. मी दोन दिवसांपूर्वी ढिगाऱ्यातून एक पाळणा उपसला होता. उपासनेनंतर मी लूकचा तेरावा अध्याय उघडून समोर धरला. शिलोहाचा बुरूज पडून जे 18 जण मेले ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असे तुम्हाला वाटते काय, असे येशू स्वतः विचारतो आणि नाही म्हणतो. मला उत्तर मिळाले की पुढचे वाक्यही वाच. पुढे लिहिले आहे की पश्चात्ताप केला नाही, तर तुम्हा सर्वांचा तसाच नाश होईल. ते वाक्य वाचून मी पुस्तक परत केले. दयेला जोडून धमकी येते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले आणि नंतर ते पानोपानी दिसत गेले.

पहाटवारा
मी आजही विश्वासणारी आहे आणि तरीही हा धागा मला माझा वाटतो. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, परंतु त्रैक्याचा सिद्धांत (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि कुमारीपासूनचा जन्म त्यांनी मुकाट्याने स्वीकारला नाही. तेथील मठातल्या भगिनींना त्यांनी पत्रातून कळवले की मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे आणि निर्णय घेण्याची शक्तीही आहे. क्रूसावरची अक्षरे लॅटिन कशाला, संस्कृत का नसावीत, यावरूनही त्या भांडल्या. त्याच रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणले. वर्गात मुलाला गप्प करणाऱ्यांना आपल्याच घरातला हा इतिहास कुणी शिकवला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मांजरा काठ
पहाटवारा, रमाबाईंविषयी आदर आहेच. मात्र त्यांच्या प्रश्नांनंतर त्यांना उत्तरे मिळाली आणि पाळण्याच्या प्रश्नाला मला मिळाले नाही, एवढाच आपल्यातला फरक आहे.

लिंबाचा पार
सायली, पहिले पान फाटलेले असल्यामुळे वर्ष कळत नाही. तुमच्या प्रश्नासाठी काल पुन्हा सगळी पाने उलटली, तेव्हा आणखी एक खूण सापडली. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी, त्याची कसोटी संपल्यावर देव त्याला दुप्पट मेंढरे आणि उंट देतो आणि पुन्हा सात मुलगे व तीन मुली देतो. आरंभी मेलेली मुलेही तितकीच होती. माझ्या वडिलांच्या आधीची आजीची दोन मुले देवीने गेली होती. त्या ओळीशेजारी प्रश्नचिन्ह नाही. पेन्सिल इतकी दाबून लिहिले आहे की मागच्या पानावर अक्षरे उठली आहेत: ‘आणि पहिली?’