कॅनडासाठी रेझ्युमे : पाच पानी बायोडेटाचे काय करावे? (सल्ला हवा)

पौडरस्ता (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमचा कॅनडाचा पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना) मंजूर झाला असून येत्या जूनमध्ये आम्ही कोथरूडहून मिसिसागाला जात आहोत. यजमानांचे काम घरून चालणारे असल्याने ते तेच पुढे चालू ठेवतील. नोकरी शोधायची आहे ती मला. मी मेकॅनिकलची पदवीधर असून चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. चौदा वर्षांचा अनुभव आहे आणि सध्या क्वालिटी मॅनेजर म्हणून काम पाहते. २०१९ ते २०२१ या काळात सासूबाईंच्या आजारपणामुळे मी घरी होते, तेवढा खंड आहे.

माझा सध्याचा बायोडेटा पाच पानी आहे. त्यात फोटो, जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, छंद, आणि शेवटी 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' असे निवेदन व त्याखाली सही असे सगळे आहे. यातले काय ठेवावे, मॅनेजर हे पद लपवून खालच्या जागांसाठी अर्ज करावा का, खंडाचे काय करावे, आणि पुण्यात कोणाकडून चांगला रेझ्युमे लिहून मिळतो का, हे विचारायचे आहे. खर्चाची मर्यादा चार हजार रुपये आहे, त्यावर जाणे शक्य नाही.

जुना_टोरांटोकर

मी २००६ पासून येथे आहे, त्यामुळे अनुभवाने सांगतो की रेझ्युमे कितीही सुंदर लिहिला तरी कॅनडाचा अनुभव नसेल तर तो कोणी उघडूनही पाहत नाही. मी भारतात उपमहाव्यवस्थापक होतो आणि इथे सुरुवात गोदामात खोकी उचलण्यापासून केली. आज माझे स्वतःचे घर आहे, कर्जही फिटले आहे. तुम्ही मॅनेजर हे पद काढूनच टाका, निम्मा अनुभवही काढा, आणि आल्याबरोबर मिळेल ते काम धरा. रेझ्युमे त्यानंतर लिहिता येईल.

डेक्कन_जिमखाना

माझ्या मेव्हण्याने जंगली महाराज रस्त्यावरच्या एका सल्लागाराकडून बावीस हजारांत पूर्ण पॅकेज घेतले होते. त्यात रेझ्युमे, कव्हर लेटर, लिंक्डइन आणि मुलाखतीची तयारी हे सर्व येते. काम उत्तम झाले. चार हजारांत असे काही मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. आयुष्यभराच्या गोष्टीसाठी हात आखडता घेऊ नये. संपर्क हवा असल्यास व्यक्तिगत निरोप पाठवावा.

भोसरी_एमआयडीसी

वरील प्रतिसाद वाचून राहवले नाही. आमच्या भाच्यालाही अशाच एका सल्लागाराने रेझ्युमे करून दिला होता. डावीकडे निळी पट्टी, तिच्यात गोल फोटो, त्याखाली कौशल्यांपुढे पाचपैकी चार चांदण्या, आणि अनुभव उजवीकडच्या रकान्यात. दिसायला लग्नपत्रिकेसारखा देखणा होता. त्याने अर्ज भरताना तो अपलोड केला तेव्हा संगणकाने त्यातून माहिती उचलून ज्या चौकटी आपोआप भरल्या, त्यांत कंपनीच्या नावाच्या जागी 'मिनीटॅब' (आकडेवारीचे एक सॉफ्टवेअर) आले आणि पदाच्या जागी मोबाइल क्रमांक. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी छाननीच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो, आणि रकाने, तक्ते, चित्रे यांच्यामुळे ते गोंधळते, हे त्या सल्लागाराला माहीतच नव्हते. एका रकान्याचा, साध्या अक्षरांतला, वरून खाली वाचला जाईल असा कागद करा. नाव आणि फोन क्रमांकसुद्धा वर्डच्या हेडरमध्ये न टाकता मुख्य मजकुरातच लिहा.

हिंजवडीची_एचआर

मी रोज ढीगभर रेझ्युमे पाहते. माझ्या मते एकच पान असावे. दुसरे पान मी स्वतः उघडत नाही. फोटो, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचे नाव, पासपोर्ट क्रमांक यातले काहीही नको. तिथे या गोष्टींवरून भेदभाव केल्याचा आरोप होऊ शकतो, त्यामुळे ही माहिती समोर आली की एचआरची माणसेच अवघडतात. निवेदन आणि सहीही काढावी. छंद तर आपल्याकडेही कोणी वाचत नाही.

जुना_टोरांटोकर

एक पान नव्या पदवीधरांसाठी असते. चौदा वर्षांच्या अनुभवाला दोन पाने हवीत. हिंजवडीत काय चालते ते इथे चालत नाही.

हिंजवडीची_एचआर

मी ज्या कंपनीसाठी भरती करते तिची कार्यालये उत्तर अमेरिकेतही आहेत, एवढे नमूद करते.

कर्वेनगरवासी

पानांचा वाद चालूच आहे तर एक बारीकशी गोष्ट सांगतो. तिकडे ए-फोर कागद वापरत नाहीत. साडेआठ गुणिले अकरा इंचांचा लेटर आकार चालतो, जो ए-फोरपेक्षा थोडा रुंद पण उंचीला कमी असतो. ए-फोरवर नेमका दोन पानांत बसवलेला मजकूर तिकडे छापताना तिसऱ्या पानावर दोन ओळी सांडतो. वर्डमध्ये पानाचा आकार सुरुवातीलाच बदलून घ्या.

केंब्रिज_ऑन्टॅरिओ

धागा आजच पाहिला. मी तळेगावातून इकडे आलो आणि गुणवत्तेच्याच क्षेत्रात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट 'कॅनडाच्या अनुभवा'ची. ऑन्टॅरिओ मानवी हक्क आयोगाने ही अट भेदभावाची ठरू शकते असे धोरण २०१३ मध्येच मांडले होते, आणि १ जानेवारी २०२६ पासून ऑन्टॅरिओत पंचवीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीत अशी अट घालता येत नाही. याचा अर्थ अडसर संपला असा नव्हे, कारण वाचणाऱ्याच्या मनातली शंका कायद्याने जात नाही. म्हणूनच ती शंका रेझ्युमेने घालवायची असते, आणि आपल्या क्षेत्रात ती घालवणे इतरांपेक्षा सोपे आहे असे माझे मत आहे.

कारण असे, की चाकणमध्ये तुम्ही रोज जे एपीक्यूपी (नव्या भागाच्या गुणवत्तेचे आगाऊ नियोजन), पीपॅप (उत्पादनाआधी ग्राहकाकडून भागाला मंजुरी घेणे), एमएसए (मोजमापाची पद्धत तपासणे) आणि एसपीसी (आकडेवारीने उत्पादनप्रक्रियेवर लक्ष ठेवणे) करता, त्यांची मॅन्युअल्स एआयएजी या डेट्रॉइटजवळच्या संस्थेची आहेत, आणि ती संस्था १९८२ मध्ये फोर्ड, जनरल मोटर्स व क्रायस्लर यांनी स्थापन केलेली आहे. एफएमईएची (काय बिघडू शकते याच्या आगाऊ विश्लेषणाची) २०१९ ची पुस्तिका त्यांनी जर्मनांबरोबर मिळून काढली. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक जसे पुण्यात तसेच ऑन्टॅरिओतल्या विंडसरला. तुम्ही तिथल्याच नियमांनी काम करत आला आहात, फक्त तुमच्या बायोडेटातून ते दिसत नसावे. पहिल्या पानाच्या वरच्या एक तृतीयांश भागात ही नावे, आणि ज्या उत्तर अमेरिकन ग्राहकांसाठी तुम्ही पीपॅप मंजूर करून घेतले असतील त्यांची नावे (गोपनीयतेच्या करारात बसत असल्यास) दिसली पाहिजेत.

दुसरे म्हणजे, 'गुणवत्तेशी संबंधित सर्व कामांची जबाबदारी' या थाटाची वाक्ये काढून टाका. चाकणमधल्या प्रत्येक बायोडेटात तीच असतात. त्याऐवजी काय केले, कशाने केले आणि आकडा किती हलला ते क्रियापदाने सुरू होणाऱ्या एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, 'ब्रेकच्या भागांच्या लाइनवर आठ डी पद्धतीने मूळ कारण शोधून ग्राहकाकडे पोहोचणारे सदोष भाग एका वर्षात दशलक्षामागे १८० वरून ४५ वर आणले.' (आठ डी म्हणजे तक्रार सोडवण्याची आठ पायऱ्यांची पद्धत.) हे आकडे मी नमुन्यादाखल लिहिले आहेत. तुमचे आकडे तुमच्या मासिक अहवालांत असतील, ते नोकरी सोडण्यापूर्वी नोंदवून ठेवा, कंपनीची कागदपत्रे मात्र सोबत नेऊ नका. लाख आणि कोटी इकडे कोणाला कळत नाहीत. चाळीस कोटींची उलाढाल असेल तर सहा दशलक्ष डॉलरच्या आसपास असे लिहावे. कंपनीचे नाव इथे कोणी ऐकलेले नसते, म्हणून नावाखाली एक ओळ द्यावी : कशाचे उत्पादन, किती कामगार, कोण ग्राहक.

तिसरे, एकच रेझ्युमे शंभर ठिकाणी पाठवू नका. जाहिरात समोर ठेवून तिच्यातले शब्द, तुम्ही ते काम खरोखर केले असेल तर, तसेच वापरा. सरकारच्या जॉब बँक या संकेतस्थळावर व्यवसायनिहाय कामांची वर्णने आणि भागनिहाय पगार मोफत पाहता येतात.

मॅनेजर हे पद मी काढणार नाही, पण अर्ज सप्लायर क्वालिटी (पुरवठादारांच्या मालाची गुणवत्ता पाहणारे काम) किंवा सीनियर क्वालिटी इंजिनिअर या जागांसाठी करीन. आपल्याकडे मॅनेजर स्वतः शॉपफ्लोअरवर उभा राहून गेज तपासतो हे इथल्या वाचणाऱ्याला ठाऊक नसते. ते एका ओळीत सांगितले की पद मोठे वाटत नाही.

डेक्कन_जिमखाना

बावीस हजारांच्या पॅकेजमध्ये हे सर्व करूनच देतात.

शिवाजीनगर_९४

'इंजिनिअर' हा शब्द वापरताना सावध राहावे. ऑन्टॅरिओत परवाना नसताना स्वतःला प्रोफेशनल इंजिनिअर म्हणवणे कायद्याविरुद्ध आहे. परवान्यासाठी कॅनडात काम केलेले असण्याची अट तिथल्या नियामक संस्थेने मे २०२३ मध्ये काढली, तेव्हा आल्याबरोबर तो अर्ज करावा.

केंब्रिज_ऑन्टॅरिओ

नावाखाली ती बिरुदावली लावू नये हे बरोबर. मात्र पूर्वीच्या नोकरीतले पदनाम जसे होते तसेच लिहावे. गुणवत्तेच्या बहुतेक जागांना परवाना लागतही नाही, त्यामुळे सुरुवातीलाच त्यात अडकून पडू नये.

सातारारोड_सौ

खंडाबद्दल कोणीच बोलले नाही. मी माझ्या वेळी महिने काढून टाकून फक्त वर्षे लिहिली आणि खंड दिसलाच नाही. तुम्हीही तसेच करा.

हिंजवडीची_एचआर

दोन वर्षांचा खंड केवळ वर्षे लिहून झाकला जात नाही. शिवाय अनेक ऑनलाइन अर्जांत महिना भरावाच लागतो, आणि पीआरच्या अर्जातही महिन्यांसकट सर्व इतिहास दिलेला असतो. माझ्या मते त्या काळात एखादा सहा सिग्माचा (दोष कमी करण्याच्या पद्धतीचा) अभ्यासक्रम केल्याचे दाखवावे.

भोसरी_एमआयडीसी

न केलेला अभ्यासक्रम दाखवायचा? आपण एचआरमध्ये आहात ना?

हिंजवडीची_एचआर

केला असल्यास, असे गृहीत होते.

सातारारोड_सौ

असो. ताई, एक उपयोगाची गोष्ट सांगते. पीआर मंजूर झालेल्या आणि अजून भारतात असलेल्या लोकांसाठी कॅनडा सरकारच्या खर्चाने चालणाऱ्या प्री-अरायव्हल सेवा असतात. त्यांत रेझ्युमे तपासून देतात आणि पैसे लागत नाहीत. कॅनडात उतरल्यावर मात्र त्या मिळत नाहीत, मग नवागतांना मदत करणाऱ्या तिथल्या सेटलमेंट संस्थांकडे जावे लागते. त्याही मोफतच असतात. आमच्या वेळी हे कोणी सांगितले नव्हते, आम्ही पैसे मोजले.

जुना_टोरांटोकर

मोफत सेवेत सगळ्यांना एकाच साच्यातून काढतात. आणि पुण्याहून अर्ज करण्यात वेळ घालवू नका. टोरांटोच्या ४१६ किंवा ६४७ ने सुरू होणारा स्थानिक क्रमांक नसेल तर फोन येत नाही. हे मी पुन्हा सांगतो आहे, कारण नवीन लोक ऐकत नाहीत.

केंब्रिज_ऑन्टॅरिओ

या एका मुद्द्यावर मीही सहमत आहे. उतरल्यावर, स्थानिक क्रमांक घेऊनच अर्ज करावेत.

हिंजवडीची_एचआर

अनुमोदन. परदेशी पत्ता पाहिला की आम्हीही बाजूलाच ठेवतो.

पौडरस्ता (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काय ठरवले ते लिहिते.

रेझ्युमे मी स्वतः लिहिणार आहे. लेटर आकाराची दोन पाने, एकच रकाना, आणि फोटो, जन्मतारीख, वडिलांचे नाव, निवेदन हे सर्व बाहेर. केंब्रिजकरांनी सांगितल्यावर जुने मासिक अहवाल चाळले. ग्राहकाकडील तक्रारी आणि भंगारात जाणारा माल या दोन्हींचे आकडे मी समजत होते त्यापेक्षा बरे निघाले. प्री-अरायव्हल सेवेत नावही नोंदवले आहे. मॅनेजर हे पद राहील. खंड महिन्यांसकट, 'कुटुंबातील रुग्णाची पूर्णवेळ काळजी' अशा एका ओळीत लिहिणार. त्यात लपवण्यासारखे मला काही वाटत नाही, आणि ज्यांना ते खटकेल त्यांच्याकडे मलाही काम करायचे नाही.

अर्ज मात्र मी पुण्यातूनच आणि याच महिन्यात सुरू करणार आहे. आपण सर्वांनी नको म्हटले ते लक्षात आहे. परंतु आमच्या कंपनीचे सुटे भाग ऑन्टॅरिओतील ज्या दोन कारखान्यांत जातात, तिथल्या सप्लायर क्वालिटीच्या माणसांशी मी अनेक वर्षे ईमेलवर भांडत आले आहे. त्यांना माझे काम माझ्या फोन क्रमांकावरून ओळखावे लागणार नाही. आमच्या नेमणूकपत्रात ग्राहकाकडे नोकरी धरण्यास मनाई नाही, हे पाहून ठेवले आहे. माझा राजीनामा गेल्या आठवड्यातच दिला असल्याने इथे काही लपूनछपून करण्याचाही प्रश्न नाही.

चार हजार रुपये शेजारच्या इमारतीतील एका निवृत्त इंग्रजीच्या प्राध्यापिकांना देणार आहे, वाक्ये तपासण्यासाठी. त्या तीनच घेईन म्हणत आहेत.

डेक्कन_जिमखाना

प्राध्यापिकांना छाननीच्या सॉफ्टवेअरची माहिती असेल असे वाटत नाही. असो, शुभेच्छा. पॅकेजचा प्रस्ताव खुला आहे.

जुना_टोरांटोकर

सहा महिन्यांनी हा धागा वर काढून काय झाले ते कळवा.

केंब्रिज_ऑन्टॅरिओ

ओळखीची माणसे असतील तर माझे म्हणणे मागे घेतो, जरूर लिहा. कव्हर लेटरच्या पहिल्याच परिच्छेदात पीआर मंजूर असल्याचे आणि उतरण्याची तारीख द्या, म्हणजे त्यांना कामाच्या परवान्याची चिंता राहत नाही. सिन (सरकारी सामाजिक विमा) क्रमांक मिळाला तरी तो रेझ्युमेवर कधीही टाकू नका. तो नोकरी मिळाल्यावरच द्यायचा असतो. आणि फाइल पाठवताना तिच्या नावात तुमचे नाव व पद असू द्या. माझ्याकडे पुण्याहून येणाऱ्या निम्म्या फाइलींचे नाव 'रेझ्युमे फायनल न्यू २' असे असते.